शाळेच्या विजेचा जमाखर्च

वैशाखातल्या दुपारी सात रस्त्यावर उभे राहावे, तर सातही रस्ते उन्हातच जातात! हे ऊन आम्ही सोलापूरकर बोटे मोडीत सोसत आलो. आता त्याचा जमाखर्चही मांडून पाहू.

‘शून्य ऊर्जा’ इमारत म्हणजे बिनविजेची नव्हे. वर्षात जेवढी वीज खर्चली, तेवढी आपल्याच छपरावर मिळवली की झाले. शिरूर तालुक्यातील वाबळेवाडीची जिल्हा परिषद शाळा याच नावाने गाजली.

परंतु सौर पॅनेल घेण्याआधी गृहिणीप्रमाणे खर्चाकडे पाहावे. समजा, दहा वर्ग, प्रत्येकात चार पंखे, रोजचे सहा तास. ७५ वॉटच्या जुन्या पंख्यांना रोज १८ युनिटे लागतात. ३० वॉटच्या नव्यांना जेमतेम ७. एक किलोवॅटचे पॅनेल रोज सरासरी ४ युनिटे देते; म्हणजे साडेचार किलोवॅटचे काम दोनात भागले! आमच्या आजोळी जाड मातीच्या माळवदाखाली भर दुपारी, पंखा नसतानाही, गाढ झोप लागे. तापल्या पत्र्याखाली बसलेल्या पोरांना गणित कसे सुचावे?

दुकानांचे अवघड, त्यांचा झगमगाट दिवस मावळल्यावरचा. शाळा मात्र दिवसाची, आणि ऊन भरात येते त्या मे महिन्यात तिला सुट्टी! तेव्हाची उरलेली वीज नेट मीटरमधून महावितरणच्या तारांत जाते, युनिटे खात्यावर जमा होतात आणि आषाढात आभाळ दाटले की पंखे त्याच जमेवर फिरतात. दिवाळीत आपण वहीपूजन करतो. या खात्याची वही मात्र ३१ मार्चला मिटते.