दुखतो गुडघा, झिजतो खुबा

घरातल्या अम्मी-अब्बांचा गुडघा दुखायला लागला की तेलमालिश, शेक, गुडघ्याचा पट्टा, सगळं सुरू होतं. महिना जातो, फरक पडत नाही. गुडघ्याच्या एक्स-रेतही फारसं काही दिसत नाही. अशा वेळी खुब्याकडे बघायला हवं. खुबा आणि गुडघा यांच्या काही नसा सामाईक आहेत, त्यामुळे खुब्याचं दुखणं मांडीतून उतरून गुडघ्यात जाणवू शकतं. ते सर्वात जास्त जाणवतं मात्र जांघेत.

खुबा म्हणजे वाटीत फिरणारा गोळा. मांडीच्या हाडाचं गोल डोकं कमरेच्या हाडाच्या खोलगट वाटीत बसतं आणि दोन्हींवर कूर्चेचा गुळगुळीत थर असतो. या कूर्चेत रक्तवाहिन्या नाहीत आणि नसाही नाहीत. रक्त पोचत नाही म्हणून झीज नीट भरून निघत नाही. नस नाही म्हणून सुरुवातीला दुखतही नाही. दुखायला लागतं तोवर आत बरंच काही होऊन गेलेलं असतं. थर खरखरीत होतो, भेगा पडतात, सांध्याचं अस्तर सुजतं, कडेला जादा हाड वाढतं आणि गोळा वाटीत अडायला लागतो. मग मोजे घालणं, पायाची नखं कापणं, मांडी घालून बसणं, नमाजमध्ये जमिनीवर बसणं जड जातं.

सगळा दोष वयाचा नसतो. जन्मतः वाटी उथळ असेल, जुनं फ्रॅक्चर असेल, वजन जास्त असेल तरी झीज लवकर होते. ऐन तरुणपणी खुबा गेला तर गोळ्याचा रक्तपुरवठा बंद पडल्याची शक्यता डॉक्टर तपासतात. जास्त दिवस स्टेरॉईड घेतल्यानं असं होऊ शकतं. ‘लगेच आराम’ देणाऱ्या बिननावाच्या पुड्यांत स्टेरॉईड मिसळलेलं सापडलेलं आहे, त्या घरात आणूच नयेत. डॉक्टरांनी दिलेलं स्टेरॉईड मात्र स्वतःच्या मनानं बंद करू नका.

चालताना खुब्यावर शरीराच्या वजनाच्या अडीच-तीन पट भार येतो. म्हणून काठी दुखऱ्या बाजूला नाही, दुसऱ्या हातात धरायची. बरेच जण नेमकं उलटं करतात! शाळेत शिकवतो तो तरफेचाच नियम आहे हा. बाकी वजन कमी करणं, फिजिओथेरपिस्टनं दाखवलेला व्यायाम, आणि रात्रीची झोपही उडाली तर सांधा बदलण्याची शस्त्रक्रिया.

जांघेत दुखतंय आणि मोजे घालताना पाय अडतोय, असं दोन्ही असेल तर डॉक्टरांना विचारा, खुब्याचाही एक्स-रे काढायचा का?