तापात बरळणं

ऊसतोडीच्या हंगामात शिरूर-दौंडच्या फडांत कोयता लागणं नवं नाही. हळद दाबून माणूस पुन्हा कामाला लागतो आणि बहुतेकदा निभावतंही. पण जखम चिघळून तापलेला माणूस असंबद्ध बोलू लागला, तर ‘ताप डोक्यात गेला’ म्हणून गप्प बसू नये. हा सेप्सिस, म्हणजे संसर्गाविरुद्ध शरीराचाच बेफाम झालेला प्रतिकार, असू शकतो.

त्यात माणूस बरळतो का, हे समजायला एक जुना प्रयोग पाहू. १८८५च्या सुमारास शास्त्रज्ञ पॉल एरलिख यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. बाकीचे अवयव रंगले, मेंदू जवळपास कोरा राहिला. कारण मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या पेशी प्रथिनांनी एकमेकींना घट्ट शिवलेल्या असतात. सेप्सिसमध्ये हा बेफाम प्रतिकार ही शिवण उसवतो. रक्तातले दाहक पदार्थ आत झिरपतात, मेंदूतल्या संरक्षक पेशी बिथरतात आणि माणूस बरळू लागतो. गंमत म्हणजे (गंमत कसली!) मेंदूत बहुतेकदा जंतू पोचलेलेही नसतात.

ही शिवण थेट सांधणारं खात्रीचं औषध अजून नाही. म्हणून मूळ संसर्गच लवकर आवरायचा: प्रतिजैविक, सलाइन, ऑक्सिजन. रक्तदाब कोसळला असेल तर प्रतिजैविक तासाभरात हवं. मिनिटाला २२ किंवा अधिक श्वास, वरचा रक्तदाब १०० किंवा कमी, शुद्धीत बदल. यांतली दोन लक्षणं म्हणजे धोका. १०८ला फोन करताना नुसता ताप नको, बरळणंही सांगा.