साडेसातची मीटिंग अचानक साडेसहाला कशी? समजून घ्या 'डेलाइट सेव्हिंग'चा घोळ

सोलापूर : मार्च महिना आला की परदेशी ग्राहकांसोबत काम करणाऱ्यांच्या कॅलेंडरमध्ये एक गडबड दिसते. चार महिने संध्याकाळी साडेसातला होणारी मीटिंग अचानक साडेसहाला दिसू लागते. वेळ कोणी बदललेली नसते, फोनही बिघडलेला नसतो. टॉवेल-चादरींच्या निर्यातदाराचे ऑफिस असो किंवा घरून आयटी कंपनीचे काम करणाऱ्या तरुणाचा लॅपटॉप, कारण एकच : अमेरिकेतील घड्याळे एक तास पुढे गेलेली असतात. हे लक्षात आले नाही, तर ग्राहकाचा कॉल किंवा नोकरीची ऑनलाइन मुलाखत हातची जाऊ शकते.

घड्याळ पुढे का करतात?

उन्हाळ्यात संध्याकाळचा उजेड जास्त वेळ मिळावा, म्हणून अनेक देश घड्याळ एक तास पुढे नेतात आणि हिवाळ्याच्या तोंडावर मागे आणतात. यालाच 'डेलाइट सेव्हिंग टाइम' म्हणतात.

सोलापुरात वर्षातील सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सुमारे दोन तासांचाच फरक असतो. लंडनमध्ये तो जवळपास नऊ तासांचा असतो. त्यामुळे भारतात या पद्धतीची गरज भासत नाही. मात्र दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ दरम्यान, भारतातही घड्याळे एक तास पुढे नेण्यात आली होती.

तारखा कोणत्या?

सध्याच्या नियमांनुसार २०२६ साठीच्या तारखा अशा :

• अमेरिका : ८ मार्च ते १ नोव्हेंबर. न्यूयॉर्क आपल्यापेक्षा साडेदहाऐवजी साडेनऊ तास मागे.
• ब्रिटन : २९ मार्च ते २५ ऑक्टोबर. लंडन साडेपाचऐवजी साडेचार तास मागे.
• जर्मनी : तारखा ब्रिटनप्रमाणेच. फरक साडेचारऐवजी साडेतीन तास.
• दुबई : बदल नाही. वर्षभर दीड तासाचाच फरक.

खरा गोंधळ ८ ते २९ मार्च या तीन आठवड्यांत होतो. अमेरिका पुढे गेलेली असते, युरोप नाही. दोन्हीकडचे लोक एकाच कॉलवर असतील, तर कोणाची तरी वेळ हमखास सरकते.

मीटिंग कोणाच्या घड्याळाची?

दर आठवड्याची मीटिंग ठरवताना कॅलेंडर वेळेसोबत टाइम झोनही साठवते. न्यूयॉर्कच्या ग्राहकाने त्याच्या सकाळी ९ ची मीटिंग लावली, तर ती आपल्याकडे हिवाळ्यात साडेसातला आणि उन्हाळ्यात साडेसहाला येते. तीच मीटिंग सोलापुरातून भारतीय वेळेने लावली, तर आपल्याकडे साडेसात कायम राहतात. ग्राहकाच्या कॅलेंडरमध्ये मात्र ९ चे १० होतात.

ई-मेलचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. मेलसोबत पाठवल्याची वेळ आणि तिचा जागतिक प्रमाणवेळेशी असलेला फरकही जातो. त्यामुळे फोन ती भारतीय वेळेत बरोबर दाखवतो. चूक होते ती मेलच्या मजकुरात हाताने लिहिलेल्या वेळेत. उन्हाळ्यातही अनेक जण सवयीने '१० ईएसटी' लिहितात. 'ईएसटी' ही हिवाळ्याची वेळ, उन्हाळ्याची 'ईडीटी'. दोन्हींत एका तासाचा फरक असतो.

नियमच बदलले तर?

अमेरिकेने २००७ पासून ही पद्धत एप्रिलऐवजी मार्चमध्येच सुरू केली. संगणकांत जुना नियम होता. त्यामुळे जगभरातील ऑफिसांना विंडोज, मेल सर्व्हर आणि कॅलेंडर अपडेट करावे लागले. आधीच ठरलेल्या मीटिंगही दुरुस्त कराव्या लागल्या. मार्च २०२३ मध्ये लेबनॉन सरकारने घड्याळ पुढे नेण्याचा निर्णय ऐन वेळी लांबणीवर टाकला. काहींनी तो पाळला, काहींनी नाही. देशात दोन वेळा चालू लागल्या आणि काही दिवसांतच सरकारला माघार घ्यावी लागली.

असे बदल फोनपर्यंत पोहोचतात ते अपडेटमधून. म्हणून जुना लॅपटॉप किंवा कित्येक महिने अपडेट न केलेला फोन दगा देऊ शकतो.

काय कराल?

• फोन-लॅपटॉपवर वेळ आणि टाइम झोन 'ऑटोमॅटिक' ठेवा. तास हाताने पुढे-मागे करू नका.
• मीटिंग लावताना नुसता तासांचा फरक न निवडता शहर निवडा. न्यूयॉर्क किंवा लंडन निवडले की पुढचा हिशेब कॅलेंडर करते.
• गुगल कॅलेंडर किंवा आउटलुकमध्ये ग्राहकाच्या शहराचा दुसरा टाइम झोन दिसेल अशी सोय करून घ्या.
• मेलमध्ये दोन्ही वेळा लिहा : 'भारतीय वेळ संध्याकाळी ६.३०, न्यूयॉर्क सकाळी ९.'
• मार्च आणि ऑक्टोबरच्या अखेरीस पुढच्या दोन आठवड्यांच्या मीटिंग एकदा तपासा. मुलाखत असेल, तर आदल्या दिवशी वेळ मेलवर पक्की करून घ्या.