शिशिराच्या बागेत वसंताची चाहूल : ऋतुसंधीचे लिंगज्ञान

कफाचा संचय शिशिरात, प्रकोप वसंतात आणि प्रशम ग्रीष्मात होतो, हा सिद्धांत विद्यार्थिदशेतच आपणा सर्वांच्या मुखोद्गत झालेला असतो. अडचण येते ती व्यवहारात. वसंत नेमका केव्हा लागला, हे ठरवायचे कशावरून? वासंतिक वमनाच्या तारखा पुष्कळदा दिनदर्शिका पाहून महिना-दोन महिने अगोदर निश्चित केल्या जातात. औषधालयांची मूळ, कांड आणि पुष्पद्रव्यांची मागणीही अनेकदा दरवर्षी त्याच सुमारास नोंदविली जाते. दिनदर्शिकेची सोय नाकारण्याचे कारण नाही. तथापि ऋतू ओळखण्याचे जे दुसरे साधन शास्त्राने आपल्या हाती दिले आहे, त्याकडे आपले दुर्लक्ष होत आहे. ते साधन म्हणजे आपल्या अंगणातील, चिकित्सालयाच्या आवारातील वा महाविद्यालयाच्या औषधी उद्यानातील झाडे.

मास आणि ऋतू

वाग्भटाचार्यांनी चैत्र-वैशाख हे वसंताचे मास सांगितले आहेत. सुश्रुताचार्यांनी मात्र दोन क्रम दिले आहेत. ऋतुचक्राच्या सामान्य क्रमात वसंत चैत्र-वैशाखात येतो, तर दोषांचा संचय-प्रकोप व संशोधन यांच्या दृष्टीने सांगितलेल्या क्रमात तो फाल्गुन-चैत्रात येतो. चरकसंहितेच्या सिद्धिस्थानातही शोधनासाठी फाल्गुन-चैत्र हाच वसंत मानला आहे. विशेष म्हणजे मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून स्वीकारलेल्या राष्ट्रीय सौर पंचांगातही वसंताचे मास फाल्गुन व चैत्र हेच असून त्यातील फाल्गुनाचा प्रारंभ २० फेब्रुवारीस होतो.

चांद्रमासाची गोष्ट वेगळी आहे. गुढीपाडवा २०२३ मध्ये २२ मार्चला होता. त्या वर्षी अधिक श्रावण आल्यामुळे २०२४ मध्ये तो ९ एप्रिलला गेला, २०२५ मध्ये ३० मार्चला आला, तर २०२६ चा पाडवा १९ मार्चचा. म्हणजे चार वर्षांच्या आतच चैत्र प्रतिपदेत तीन आठवड्यांचे अंतर पडले. २०२४ चा चैत्र ९ एप्रिल ते ८ मे असा होता. या काळात विदर्भ, मराठवाडा, खानदेश येथे ग्रीष्माचा ताप पूर्ण भरात असतो. केवळ मासाचे नाव पाहून त्या दिवसांत वमन योजणे म्हणजे संशोधनास वर्ज्य असलेल्या अत्युष्ण काळात वमन देणेच होय.

संहितेतील वसंतलिंगे

याच कारणासाठी सुश्रुताचार्य मास सांगून थांबले नाहीत. पळस, कमळ, बकुळ, आम्र आणि अशोक यांचे फुलणे, कोकिळांचा व भुंग्यांचा नाद, दक्षिणेकडील वारा, निर्मळ दिशा आणि नवी पालवी ही वसंताची लिंगे त्यांनी नोंदविली आहेत. हे वर्णन काव्यमय आहे खरे; परंतु ते सूत्रस्थानाच्या ऋतुचर्याध्यायात आले आहे आणि त्याच अध्यायात अव्यापन्न व व्यापन्न ऋतूंचा भेदही सांगितला आहे. ऋतू व्यापन्न झाला तर औषधी आणि जल हेही व्यापन्न होतात, असा त्या विवेचनाचा रोख आहे. चरकाचार्यांनीही जनपदोद्ध्वंसाच्या प्रकरणात विपरीतलिंग, अतिलिंग व हीनलिंग काल विकृत मानला आहे. ऋतूची प्राकृत लिंगे माहीत असल्याशिवाय त्यातील विकृती कळणार नाही, हे उघड आहे.

बागेत काय पाहावे

महाराष्ट्राच्या पठारी भागात माघाच्या उत्तरार्धात बाग प्रथमदर्शनी उदास दिसते. गुळवेलीची पाने पिवळी पडून गळालेली असतात, काटेसावर व पांगारा निष्पर्ण असतात, कडुनिंबाखाली पाचोळा साचू लागलेला असतो. मात्र बारकाईने पाहणाऱ्यास पुढील क्रम आढळतो.

प्रथम वावळा (चिरबिल्व) पानाविना बारीक, सहज न दिसणाऱ्या फुलांनी भरतो आणि थोड्याच दिवसांत त्याला चपट्या, गोल, पोपटी फळांचे घोस येतात. तांबट पक्ष्याचा एकसुरी टुकटुक नाद या सुमारास वाढतो. काटेसावर व पांगारा फुलू लागतात. त्यानंतर पळसाच्या डहाळीवर मखमली, काळपट तपकिरी कळ्यांचे झुपके धरतात. या कळ्या म्हणजे ऋतुसंधीची सूचना, आणि पळस उमलला म्हणजे वसंताचा प्रवेश, असे स्थूलमानाने म्हणता येईल. मग पिंपळाला तांबूस, कोशिंबाला (कोशाम्र) लालभडक आणि कडुनिंबाला ताम्रवर्ण पालवी फुटते. सीताअशोकाचे केशरी गुच्छ आणि कोकिळेचा पंचम याच काळातील. कडुनिंबाचा मोहोर येतो तोवर वसंत मध्यावर आलेला असतो. बहावा पिवळ्या घोसांनी लवंडू लागला की ग्रीष्म जवळ आला, असे समजावे.

कोकण, देश व विदर्भ यांत हा काळ पुढेमागे होतो. म्हणूनच प्रत्येकाने आपल्या गावातील झाडेच प्रमाण मानावीत.

फसवी लक्षणे

सर्वच फुलोरा वसंताचा नसतो. आंब्याचा मोहोर थंडीच्या प्रभावाने पौषातही येतो. तेवढ्यावरून वसंत लागला असे मानू नये. शेवगा वर्षातून एकाहून अधिक वेळा फुलतो. नियमित पाणी मिळणारी बागेतील झाडे उशिरापर्यंत हिरवी राहतात आणि अवकाळी पावसाने अकाली पालवीही फुटते. निरीक्षणासाठी पाणी न घातलेले जुने झाड निवडावे आणि एका झाडावर विसंबू नये. तीन-चार निरनिराळ्या लिंगांचा समुच्चय झाला, तरच निर्णय करावा.

चिकित्सेच्या दृष्टीने

वसंतारंभी दिवसाचे ऊन तीव्र होते, पण पहाट थंड राहते. पठारावर फेब्रुवारीत दिवसाच्या व रात्रीच्या तापमानात पंधरा अंशांहून अधिक अंतर सहज पडते. संचित कफ याच उन्हाने विलयन पावतो. सकाळचा कफष्ठीवनाचा त्रास, गौरव, अरुचि, प्रतिश्याय आणि कास घेऊन येणाऱ्या रुग्णांची संख्या वाढू लागते. बागेतील लिंगे आणि बाह्यरुग्ण विभागातील लक्षणे यांचा मेळ बसला की वमनाचा योग्य काल आला असे समजावे.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. वावळ्याचे परागकण हवेतून पसरणारे असून त्यांची अधिहृषता अनेकांना असते. शिंका, नाक गळणे आणि डोळ्यांना खाज ही लक्षणे वावळ्याच्या बहराच्या दिवसांतच सुरू होत असतील, तर निदानपरिवर्जनाचा विचार आधी करावा. बाहेर कोणते झाड फुलले आहे हे वैद्यास ठाऊक असेल, तरच हा प्रश्न रुग्णास विचारण्याचे त्याला सुचेल.

वाग्भटाचार्यांनी पूर्व ऋतूचा शेवटचा व पुढील ऋतूचा पहिला सप्ताह यांस ऋतुसंधी म्हटले असून पूर्वचर्या क्रमाने सोडण्यास सांगितले आहे. पळसाच्या कळ्या दिसताच रुग्णांना दिवास्वाप, गुरू-स्निग्ध आहार व दही हळूहळू कमी करण्याचा सल्ला दिला, तर या पंधरा दिवसांचा उपयोग होईल.

फेब्रुवारी २०२३ मध्ये देशातील सरासरी कमाल तापमान १९०१ पासूनच्या नोंदींतील सर्वोच्च ठरले, असे भारतीय हवामान विभागाने जाहीर केले होते. अशा अतिलिंग वर्षी पाडव्याची वाट पाहणे रुग्णाच्या हिताचे ठरत नाही.

औषधालयांच्या दृष्टीने

चरकसंहितेच्या कल्पस्थानात मुळांचे ग्रहण ग्रीष्मात वा शिशिरात, पाने जून होऊन गळाल्यावर करावे आणि शाखा-पत्रांचे ग्रहण वर्षा व वसंतात, ती नव्याने वाढलेली असताना करावे, असा निर्देश आहे. यामागील कारण सुस्पष्ट आहे. पाने गळाल्यावर वनस्पतीचा अन्नसाठा मूळ व कांड यांत असतो. पालवी फुटू लागली की तो वर खर्ची पडतो. गुळवेलीचे जाड कांड सत्त्वासाठी घ्यावयाचे असल्यास तिला नवी पाने फुटण्याआधीच घेतलेले बरे. अश्वगंधाची काढणी जानेवारी ते मार्च या काळात होते आणि तिचा संकेतही झाडावरच असतो : पाने वाळू लागतात व फळे लाल होतात. नीमच-मंदसौर भागातील शेतकरी याच खुणेवर चालतात. खरेदीदाराने केवळ भाव न विचारता काढणीच्या वेळची अवस्थाही विचारावी.

धायटीचे फूल हे आसवारिष्टांच्या संधानाचे महत्त्वाचे द्रव्य. सह्याद्रीच्या उतारांवर ते शिशिराच्या अखेरीस फुलू लागते. ताजी उमललेली, सावलीत वाळविलेली, रंग टिकलेली फुले त्याच हंगामात घेऊन ठेवावीत. अवकाळी पावसात भिजलेल्या वा बुरसटलेल्या फुलांनी संधान बिघडते. मदनफळासाठी तर चरकाचार्यांनी वसंत व ग्रीष्म यांमधील कालच सांगितला आहे. त्या वेळी पुरेशी पक्व फळे जमवून ठेवली, तर पुढील वर्षीच्या वमनाची सोय होते.

एक छोटी नोंदवही

प्रत्येक वैद्याने व औषधालयाने माघ प्रतिपदेपासून एक वही ठेवावी. त्यात दिनांक व तिथी, पहाटेचे व दुपारचे तापमान, वावळा, काटेसावर, पळस, पिंपळ व कडुनिंब यांची अवस्था, कोकिळेची पहिली साद आणि त्या आठवड्यातील कफज रुग्णांची संख्या एवढेच लिहावे. रोज पाच मिनिटांहून अधिक वेळ लागणार नाही. चार-पाच वर्षांच्या नोंदी हाती आल्या की आपल्या गावचा वसंत केव्हा येतो आणि तो किती सरकतो आहे, याचे उत्तर त्या वहीतच मिळेल. आपल्या सभासदांनी अशा नोंदी एकत्र केल्या, तर जिल्हावार ऋतुपत्रक तयार करणेही अशक्य नाही.

येत्या वासंतिक शिबिराची तारीख ठरविण्यापूर्वी आवारातील पळसाकडे एकदा अवश्य पाहावे, एवढीच सर्व वैद्यबंधु-भगिनींना विनंती.