वितरित संदेशरांग : 'अपाचे काफ्का'ची रचना व मर्यादा

एका संगणक प्रणालीने दुसरीस माहिती थेट द्यावयाची म्हटल्यास दोन्ही एकाच वेळी कार्यरत असाव्या लागतात; घेणारी बंद पडली की देणारीही खोळंबते. हे परस्परावलंबन टाळण्यासाठी दोहोंमध्ये संदेशरांग योजली जाते. लिंक्डइन कंपनीत जे क्रेप्स, जुन राव आणि पुणे विद्यापीठाच्या पदवीधर नेहा नारखेडे यांनी विकसित केलेली 'काफ्का' ही या वर्गातील मुक्तस्रोत प्रणाली होय. २०११ मध्ये ती सर्वांसाठी खुली झाली.

तिला 'रांग' म्हणणे रूढ असले तरी काटेकोर नव्हे. पारंपरिक रांगेतील संदेशाची पोच मिळाली की तो नाहीसा होतो. काफ्कामध्ये मात्र रोजकीर्दीप्रमाणे प्रत्येक नोंद अखेरीस लिहिली जाते आणि वाचल्यानंतरही ठरावीक मुदतीपर्यंत (सामान्यतः ७ दिवस) टिकते. वाचणाऱ्या प्रणालीने आपण कोठवर आलो तो क्रमांक तेवढा राखावयाचा. सदोष आज्ञावली दुरुस्त करून जुन्या नोंदी पुन्हा वाचता येतात, हा या रचनेचा खरा लाभ होय.

नोंदींचा भार अनेक संगणकांवर विभागण्यासाठी प्रत्येक विषयाचे विभाग पाडले जातात. क्रमाची हमी केवळ एका विभागापुरतीच असते, ही बाब विकासकांच्या ध्यानातून अनेकदा निसटते. समजा, रिकाम्या खात्यात ५,००० रुपये जमा झाले व लगेच ४,००० काढले गेले. या दोन नोंदी भिन्न विभागांत गेल्यास काढल्याची नोंद आधी वाचली जाऊन व्यवहार नाकारला जाऊ शकतो. म्हणून खातेक्रमांक हीच नोंदीची किल्ली ठेवावी. समान किल्लीच्या नोंदी एकाच विभागात जातात. तथापि पुढे विभागांची संख्या वाढविल्यास हे वाटप बदलते. ती संख्या आरंभीच विचारपूर्वक ठरविणे इष्ट.

प्रत्येक विभागाच्या प्रती, बहुधा तीन, निरनिराळ्या संगणकांवर ठेवतात. केवळ प्रमुख प्रतीची पोच पुरेशी मानली आणि नक्कल होण्यापूर्वीच तो संगणक बंद पडला, तर नोंद गमावते. 'सर्व प्रतींची पोच' हा पर्यायही नावाइतका निर्धोक नाही : त्यात त्या क्षणी अद्ययावत असलेल्या प्रतीच मोजल्या जातात, आणि तशी एकच उरली असेल तर तिचीच पोच 'सर्वां'ची ठरते. किमान दोन अद्ययावत प्रतींची अट स्वतंत्रपणे घालावी लागते.

समन्वयासाठी पूर्वी लागणारी 'झूकीपर' प्रणाली २०२५ च्या ४.० आवृत्तीत वगळण्यात आली. द्विरुक्तीचा प्रश्न मात्र उरतोच. नोंदीवर कार्यवाही झाली, परंतु क्रमांक नोंदविण्यापूर्वी वाचणारी प्रणाली कोसळली, तर तीच नोंद पुन्हा वाचली जाते व रक्कम दोनदा वजा होऊ शकते. यावर उपाय वाचणाऱ्याकडेच : व्यवहारक्रमांक पूर्वी येऊन गेला आहे काय, हे रक्कम वजा करण्यापूर्वी तपासणे.