नेच्यावरची अळी

अकोला जिल्ह्याच्या तेल्हारा तालुक्यात, सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या हिवरखेडात ‘अळी’ म्हटले की शेतकऱ्याच्या मनात पऱ्हाटीचे पोखरलेले बोंडच उभे राहते. परंतु अमेरिकन बोंडअळी व लष्करी अळी ज्या निशाचर पतंगांच्या कुळात जन्मतात, त्याच कुळातील ‘कॅलोपिस्ट्रिया’ हा गट पिकांच्या वाटेस न जाता मुख्यत्वे नेच्यांवर उपजीविका करतो. या गटातील मेलार्डी ही जाती आफ्रिकेप्रमाणेच भारतातही आढळते. तपकिरी-गुलाबी पंखांवर शुभ्र रेषांची नाजूक जाळी, पायांवर केसांचे दाट झुबके आणि नराच्या शृंगिकेवर गाठीसारखा बाक, असे या पतंगांचे रूप असते.

नेच्याचे पान खाणे हे सामान्य कीटकाचे काम नव्हे. फूल व बी यांवाचून, पानाच्या पाठीवरील बीजाणूंवर तीस कोटींहून अधिक वर्षे वंश चालविणाऱ्या या वनस्पतींनी आपल्या संरक्षणाची तजवीज रसायनांनी केली आहे: काही नेचे सायनाइड सोडणारी द्रव्ये बाळगतात, काही ‘ब-१’ जीवनसत्त्वाचा नाश करतात, आणि काहींच्या अंगी तर कीटकाला कात टाकावयास लावणारे संप्रेरकच असते, जे अवेळी पोटात गेल्यास त्याच्या वाढीचा सारा क्रम विस्कटू शकतो. इतका बंदोबस्त असूनही कॅलोपिस्ट्रियाची अळी त्याच पानावर पोसते.

या रसायनशाळेचा वऱ्हाडाशी संबंध वाटतो त्याहून निकटचा आहे. लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतील शास्त्रज्ञांनी टेक्टेरिया नामक नेच्यातील एका प्रथिनाचे जनुक कपाशीत घालून, अशी कपाशी पांढऱ्या माशीस तोंड देऊ शकते, हे २०१६ साली दाखवून दिले. तथापि २००२ साली परवानगी मिळालेल्या बीटी कपाशीचा अनुभव ताजा आहे. तिच्या भरवशावर निर्धास्त झालेल्या महाराष्ट्रात २०१७ च्या हंगामात गुलाबी बोंडअळीने हाहाकार माजविला.

जेथे कोट्यवधी वर्षांच्या नेच्यालाही आपली अळी भेटली, तेथे प्रयोगशाळेतून आलेले कोणतेही बियाणे कायमचे अभेद्य राहील, ही अपेक्षाच अवाजवी होय. म्हणूनच बिगर-बीटी कपाशीचे तास शेताच्या कडेने राखणे, फरदडीचा मोह टाळणे आणि हंगाम सरताच पऱ्हाट्या शेताबाहेर काढणे, ही कामे नव्या बियाण्यानेही शेतकऱ्याला माफ होणारी नाहीत.