माळढोक गेला, गवत आधीच गेलं होतं

गेल्या महिन्यात सोलापुरातल्या एका प्रदर्शनात माझा जुना फोटो लावला होता. पावसाळ्यातला हिरवा-पिवळा माळ आणि त्यात मान ताठ करून उभा राहिलेला माळढोक नर. गळ्यात मोठी लेन्स अडकवलेला एक तरुण थांबला, म्हणाला, "सर, हा जैसलमेरचा ना?" मी नान्नज म्हटलं, तर त्याला खरं वाटेना. तो राहायला सोलापुरातच. नान्नज बार्शी रस्त्यावर, त्याच्या घरापासून वीस-बावीस किलोमीटर. ते उत्तर देताना जे वाटलं, ते अजून निवळलेलं नाही.

बालरोगतज्ज्ञ म्हणून मी इथे आयुष्य काढलं. दवाखान्याच्या कर्जाची सुरुवातीची वर्षं आणि दोन हजारनंतरची डिजिटल वर्षं यांबद्दल सांगण्यासारखं फार नाही. मी जगलो ते नव्वदच्या दशकात.

फुजीची वेल्व्हिया फिल्म १९९० मध्ये आली. रंग अप्रतिम, पण स्पीड अवघा ५०. पहाटेच्या उजेडात शटर इतकं मंद ठेवावं लागे, की पक्ष्यानं मान वळवली तरी फ्रेम गेली. रोलमध्ये ३६ फ्रेम. रोल धुवायला मुंबईला जायचा आणि आपण काय टिपलं हे कळेपर्यंत माळाचा रंगही बदललेला असायचा. म्हणून बटण दाबण्याआधी पाहायची सवय लागली.

अडचण ऋतूची होती. माळढोकाचा विणीचा हंगाम पावसाळ्यात. नर गळ्याची पिशवी फुगवतो, शेपूट उभारतो, आणि त्याचा खोल, घुमणारा आवाज माळावर दूरवर जातो. नेमक्या त्याच महिन्यांत माझ्याकडे जुलाब, ताप आणि न्यूमोनियाची मुलं. अंधारात निघायचं आणि ओपीडीच्या वेळेला परत यायचं. मोबाईल नव्हते. तेवढे तास माझा एक डॉक्टर मित्र अत्यवस्थ मुलांकडे बघायचा. त्याच्याशिवाय यातला एकही फोटो झाला नसता.

"पेशंट सोडून पाखरांमागे फिरतात," असं एक ज्येष्ठ डॉक्टर भर सभेत म्हणाले होते. त्यांना तेव्हा दिलं नाही ते उत्तर आज देतो. न्यूमोनियाचा संशय असलेल्या बाळाचे श्वास मोजायचे तर त्याला हात न लावता, ते शांत असताना, पूर्ण एक मिनिट छातीकडे बघत राहावं लागतं. दोन महिने ते एक वर्ष वयाच्या बाळाचे श्वास मिनिटाला ५० किंवा त्याहून जास्त भरले, तर सावध व्हायचं. रडणाऱ्या बाळाची मोजणी चुकते. लपणात बसून मी हेच करत होतो. समोरच्याला न बिचकवता बघत राहण्याचा माझा सराव माळावर पक्का झाला आणि त्याचा फायदा माझ्या पेशंटांना मिळाला.

दुसरा हिशेब एका छायाचित्र स्पर्धेच्या परीक्षकांशी. माझ्या स्लाइड्स परत आल्या त्या शेऱ्यासह: पक्षी फार लहान, गवत फार. आजही हौशी मंडळींत तोच आग्रह चालतो. पक्षी फ्रेमभर हवा, बॅकग्राउंड क्लीन हवा. त्यासाठी मोबाईलवरून पक्ष्याचा आवाज वाजवतात, घरट्यापर्यंत जातात. माळढोकाची मादी साधारणपणे एका विणीला एकच अंडं घालते, तेही उघड्या जमिनीवर. ती एकदा उठली की अंडं उन्हावर आणि कुत्र्यांवर सोपवलं जातं. मी घरट्याचा फोटो कधी काढला नाही.

आम्ही फोटोवाल्यांनी लोकांना पक्षी दाखवला, तो जगतो कशावर हे दाखवलंच नाही. म्हणून गवत जाताना कोणाला चुकचुकलं नाही. १९७९ मध्ये ८,४९६ चौरस किलोमीटरचं माळढोक अभयारण्य जाहीर झालं. त्यात गावं आली, शेतं आली, जमिनीचे व्यवहार अडले, आणि शेतकऱ्यांचा रास्त राग बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. पुढे ते १,२२२ चौरस किलोमीटरवर आणलं गेलं. भांडण दोन्ही वेळा नकाशावरच्या रेषेचं होतं. माळ मात्र सरकारी भाषेत 'पडीक'च राहिला. पाणी पोचलं तिथे ऊस आला, नाही पोचलं तिथे वृक्षारोपण. उघड्या माळावर झाड लावणं म्हणजे या पक्ष्याचं घर मोडणं, हे माझ्या पिढीतल्या भल्या भल्या निसर्गप्रेमींच्या गळी उतरलं नाही. ते हौसेनं रोपं घेऊन येत राहिले. आता नान्नजला एखादा माळढोक दिसला तर वर्तमानपत्रात बातमी होते.

सध्या मी परत आलेल्या त्या स्लाइड्स स्कॅन करतो आहे. वनस्पतिशास्त्राच्या एका प्राध्यापिकेनं त्यांतली गवतं ओळखून दिली: पवना, कुसळी, मारवेल. प्रत्येक स्लाइडखाली जागा, महिना आणि गवताचं नाव लिहितो. त्यांतल्या बऱ्याच जागा आज उसाखाली आहेत, उरलेल्यांपैकी काहींवर गिरिपुष्पाच्या रांगा आहेत.